पडदा गेला नाही, फक्त मोठा झाला

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला तीस वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्तानं तिनं फोटोशूट करून घेतलं. दोन तास, तीन ड्रेस, रंगीत धूर आणि भाड्यानं मिळणारा सेट असं पॅकेज होतं. सेटवर लंडनचा लाल टेलिफोन बूथ होता, व्हेनिसची होडी होती आणि कुठंच न जाणारा रेल्वेचा अर्धा डबा होता. "मामा, लोकेशन एकदम हटके आहे," असं म्हणत तिनं मला तीनशे फोटो पाठवले. मी सगळे पाहिले. त्या बूथमध्ये तिच्या आधी कुणीतरी उभं होतं आणि नंतरही कुणीतरी उभं राहणार, एवढं कळलं. भाची काही कुठं दिसली नाही.

तो बूथ मला मात्र ओळखीचा वाटला. आमच्या वाईतल्या स्टुडिओतही टेलिफोन होता. तिपाईवर ठेवलेला, काळा, वायर तुटलेला. शेजारी प्लास्टिकची फुलं आणि मागं धबधबा रंगवलेला पडदा. आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीला एक तपकिरी कोट. माझ्या दहाव्या वाढदिवसाला तो कोट मला घालण्यात आला. बाह्या बोटांच्या पुढं, खांदे दंडावर. गावातल्या निम्म्या मुलांचे फोटो त्याच कोटात आहेत. हनुवटी वर, श्वास बंद, हसू नका. फोटो हातात आल्यावर आई म्हणाली, "छान आलाय, पण आपला वाटत नाही." त्या कोटावरचा राग अजून गेलेला नाही.

पुढं 1985 ते 1995 या दहा वर्षांत आमच्याकडे एक वेगळाच माणूस फिरायचा. आधी तो त्याच स्टुडिओत हाताखाली होता. मालकाशी बिनसलं तसा लुना घेऊन स्वतःचा धंदा करू लागला. गळ्यात दोन भिंगांचा यशिका आणि त्यात बारा फोटोंचा रोल, बहुतेक वेळा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा काळा-पांढरा 'इंदू'. त्या कॅमेऱ्यात वरून पाहावं लागतं आणि काचेवर चित्र उजव्याचं डावं दिसतं. त्यामुळे फोटो काढताना तो मान खाली घालायचा. समोरच्याला नमस्कार करतोय असं वाटायचं. बाराच फोटो, म्हणून आधी अर्धा तास गप्पा. त्याचा प्रश्न ठरलेला: "दिवसातला जास्त वेळ कुठं असता?"

1988 साली माझ्या थोरल्या बहिणीला अठरावं पूर्ण झालं. वडील आजारी पडल्यापासून पिठाची गिरणी तीच चालवत होती. दळण बाजरीचं आहे की गव्हाचं, हे ती आवाजावरून सांगायची. स्टुडिओच्या मालकाला आम्ही गिरणीत येऊन फोटो काढाल का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "गिरणीत कधी फोटो काढतात का? पोरीचं लग्न जमायचंय ना?" लुनावाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हजर.

त्यानं आधी पट्टा थांबवायला लावला, ओढणी कमरेला खोचायला लावली. कॅमेरा दुधाच्या पिशवीत गुंडाळून भिंगांपुरती भोकं पाडली. गिरणी बंद असली तरी हवेत पीठ तरंगत होतंच. अकरा फोटो बरे आले, म्हणजे सरळ उभी असलेली मुलगी. बाराव्याच्या वेळी ती कंटाळली आणि सवयीनं गिरणीच्या तोंडाशी हात नेऊन चिमटीत पीठ घेऊन पाहू लागली, जाडं आलंय की बारीक. नेमका तेव्हाच फ्लॅश उडाला. हवेतल्या प्रत्येक कणावर उजेड पडला आणि फोटोभर पांढरे ठिपके उमटले. पापण्यांवर पीठ, केसांत पीठ, आणि पिठाचा निकाल लावणारी ती नजर. ठिपक्यांमुळे फोटो बिघडला म्हणून तो पैसे घेईना. बहिणीनं तेवढाच फोटो फ्रेम करून घेतला. तिचं लग्नही जमलं, आणि सासरी तिनं आधी हीच फ्रेम लावली.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. रंगीत लॅब आल्या, मग डिजिटल कॅमेरे, मग मोबाईल. 2012च्या जानेवारीत कोडॅकनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, तोवर आमचा लुनावाला केव्हाच शेतीकडे वळला होता. 2004 साली 'स्वदेस' सिनेमा आला आणि आमच्या वाईजवळच्या मेणवलीचा घाट सगळ्यांना माहीत झाला. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा तो घाट आमचा पोहायचा होता. आता तिथं लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येतात. त्यांना घाट देखणा वाटतो यात चूक काही नाही. पण त्यांच्या फोटोत घाट असतो, ती दोघं कुणीही असली तरी चालतात.

माझी तक्रार एवढीच आहे. धबधब्याच्या पडद्याची जागा सेटनं घेतली, तपकिरी कोटाची जागा पायघोळ गाऊननं घेतली. पडदा गेला नाही, फक्त मोठा झाला आणि तासाच्या भाड्यानं मिळू लागला.

भाची गुरांची डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्याबाहेर लोखंडी खोडा आहे, त्यात अडकवलेली म्हैस तिचा आवाज ऐकून शांत होते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, खांद्यापर्यंतचा हातमोजा, खिशात थर्मामीटर आणि गाडीच्या डिकीत कायम एक भाकरी. असली जागा कुठल्या पॅकेजमध्ये मिळायची? मी तिला हे सगळं बोललो. ती म्हणाली, "मामा, तिथं शेणाचा वास येतो." मी म्हटलं, "फोटोत येत नाही."

वाढदिवसाचे फोटो काढायचेच असतील, तर जागा शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. जिथं तुम्हाला नावानं हाक मारतात आणि जिथं तुमचे हात आपोआप कामाला लागतात, तिथं जा. मालकाची परवानगी घ्या, यंत्र असेल तर बंद करा, सकाळचं ऊन साधा. बाराच फोटो काढायचे असं ठरवा आणि त्यातला एक तरी कागदावर छापून घ्या. बहिणीची गिरणी विकून बरीच वर्षं झाली, फ्रेम भिंतीवर आहे.

भाचीचा एकतिसावा पुढच्या वर्षी येईल. गमबूट तेवढे धुऊ नकोस, असं मी तिला आत्ताच सांगून ठेवलंय.