फोटोत मी कुठे आहे?

आमच्या मिरजेच्या घरी टीव्हीशेजारी एक जाडजूड अल्बम ठेवलेला असतो. हल्ली अल्बम कोण करतं म्हणा! पण मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो आईने एकेक निवडून स्टुडिओतून छापून आणले आणि हौसेने लावले. २०२५च्या गणपतीत मी सुट्टीवर आले होते, तेव्हा गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातून तो अल्बम फिरत होता. "अगं बाई, किती फिरलीस गं!", "मजा आहे बाई पोरीची!" असं चाललेलं. मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी. नुसती हसत होते.

अल्बममध्ये एकूण ८६ फोटो आहेत. मी मोजलेत. त्यातल्या फक्त चार फोटोंत मी आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी एम.एस्सी. करायला जर्मनीतल्या लाइपझिग शहरात गेले. तिथे सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नसते, हे आता आपल्याकडेही बऱ्याच जणींना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते पुढचं. राहण्या-खाण्याचा वर्षाचा खर्च आधीच एका खात्यात भरून दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. आमच्या वेळी ती रक्कम ११,२०८ युरो होती आणि एक युरो जवळपास नव्वद रुपयांना पडत होता. म्हणजे दहा लाख रुपये! बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलं. सही करताना ते काहीच बोलले नाहीत, फक्त पेन दोनदा झटकलं. तिथे गेल्यावर त्याच पैशातले महिन्याला ९३४ युरो माझ्या हातात यायचे. खोलीचं भाडं, विमा, जेवण सगळं त्यातच.

तेव्हा मी घरी पाठवलेला प्रत्येक फोटो म्हणजे एक पावतीच होती म्हणा ना. तुमचे पैसे वाया जात नाहीयेत, बघा, मी किती छान जागी आहे, याची पावती.

आणि जागा खरंच छान होत्या, खोटं कशाला बोलू? लाइपझिगचं रेल्वे स्टेशनच एवढं अवाढव्य आहे की पहिल्या दिवशी दोन बॅगा ओढत मी बाहेरचा रस्ताच शोधत बसले होते. एप्रिल २०२४ पासून विद्यार्थ्यांना २९ युरो ४० सेंटमध्ये महिनाभर देशभर फिरायचा पास मिळायला लागला. जलद गाड्या त्यात चालत नाहीत, साध्या गाड्यांनी रखडत जायचं. पण आपल्याला पॅसेंजरची सवय असतेच की! चपातीभाजीचा डबा घ्यायचा आणि निघायचं. ड्रेस्डेन पाहिलं. तिथलं फ्राउएनकिर्श नावाचं चर्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात कोसळलं होतं. ते पुन्हा बांधून २००५ मध्ये खुलं केलं. ढिगाऱ्यातले जुने काळे पडलेले दगड नव्या पिवळसर दगडांत जागोजागी बसवलेत. लांबून बघितलं तर भिंतीला ठिगळं लावल्यासारखी दिसतात. मला ते फार आवडलं. आयसेनाखला गेले, बाख या थोर संगीतकाराच्या जन्मगावी. सप्टेंबर २०२४ मध्ये एल्बे नदीला पूर आला, तेव्हा मी सारखी मोबाइलवर ड्रेस्डेनची पाणीपातळी बघत होते. बरोबरच्या मुलींना कळेना की हिचं काय चाललंय. आता सांगली-मिरजेच्या माणसाला आयर्विन पुलाची पातळी बघायची सवय लागलेली असते, ती जर्मनीत गेल्यावर सुटते का!

तर असे फोटो मी पाठवत होते. न पाठवलेले वेगळेच होते.

डिसेंबरात तिथे चार वाजताच अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही असा वसतिगृहाचा नियम. एकदा मी रात्री सव्वादहाला कुकर लावला. दुसऱ्या शिट्टीला दारावर टकटक झाली! त्या दिवसापासून वरणभात संध्याकाळी सहालाच व्हायला लागला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे संख्याशास्त्राच्या पेपरात मी फेब्रुवारी २०२४ मध्ये नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या अभ्यासक्रमात एका पेपरला तीनच संधी. तिसऱ्यांदा गेला की अभ्यासक्रमातूनच बाहेर, आणि मग व्हिसाचाही प्रश्न. उन्हाळ्यात दुसऱ्यांदा बसले. सप्टेंबरच्या शेवटी निकाल लागला. पुन्हा नापास.

दुसऱ्या दिवशी मी प्रागच्या बसमध्ये बसले. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. खोलीत बसवेना, एवढंच. साडेतीन-चार तासांचा प्रवास. १३५७ मध्ये बांधायला घेतलेल्या त्या प्रसिद्ध चार्ल्स पुलावर दिवसभर इकडून तिकडे चालत राहिले. कठड्यावर दोन्ही बाजूंना तीस पुतळे आहेत. प्रत्येक पुतळ्याचा फोटो काढला आणि संध्याकाळी घरी पाठवून दिले. बाबांचा लगेच अंगठा आला.

आईचा फोन आला दोन दिवसांनी.

"फोटो बघितले गं. पूल छान आहे. तू कुठे आहेस?"

"मीच काढतेय ना फोटो, आई."

"मग कुणाला तरी सांगायचं काढ म्हणून. सोबत कोण नव्हतं?"

मी गप्प.

"मागच्या वेळेचेबी नुसते दगडांचेच होते. बरं, जेवलीस का?"

झालं! बांध फुटला. सगळं सांगून टाकलं. दोन्ही वेळचं नापास होणं, रात्री झोप न लागणं, वर्गात कुणाशी बोलायचं धाडस न होणं. आई मध्ये एक शब्द बोलली नाही. मागे स्वयंपाकघरातला रेडिओ चालू होता, आकाशवाणी सांगलीवर कसली तरी शेतीची माहिती लागली होती. माझं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबांना मी सांगते. तू आज काय शिजवणार ते सांग."

आता गाण्याबद्दल सांगते, कारण सगळ्या मैत्रिणी हमखास विचारतात, तिकडे काय ऐकतेस? बाखच्या गावात राहतेस म्हणजे तेच ऐकत असशील! बाख १७२३ पासून १७५०मध्ये वारेपर्यंत लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये संगीताची जबाबदारी सांभाळत होता. त्याची समाधीही तिथेच आहे. तिथलं मुलांचं गायकवृंद तर १२१२ सालापासूनचं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला तिथे गाणं असतं. दोन-तीन युरोंची कार्यक्रमपत्रिका घेतली की आत प्रवेश. सुरुवातीला मी गेले ती, खरं सांगू का, आत ऊब असते म्हणून! बाजाराची पिशवी पायाशी ठेवून मागच्या बाकावर बसायचे. शब्द कळत नव्हते. पण ऑर्गनचा खालचा स्वर लागला की बाकाचं लाकूड थरथरतं, थेट तंबोऱ्याच्या खर्जासारखं. तेवढ्यावर मी तासभर बसून राहायचे. याचा फोटो एकही नाही.

पण माझं सगळ्यात आवडतं संगीत विचाराल, तर आईचे व्हॉइस मेसेज. आई बोलते त्याच्या मागचं सगळं. रेडिओवरचं भावगीत, कुकर, भाजीवाल्याची आरोळी, शेजारच्या गल्लीत सतारीच्या तारा लावून बघणारा कुणीतरी. मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लहानपणी शाळेत जाताना ओळीने टांगलेले भोपळे दिसायचे, त्याचं कधी काही वाटलं नाही. लाइपझिगच्या वाद्यांच्या संग्रहालयात पियानोचा जनक क्रिस्तोफोरी याने १७२६ मध्ये बनवलेला पियानो काचेआड ठेवलाय, त्याच्यापुढे उभी राहिले आणि आठवले ते भोपळे!

नोव्हेंबरात मी क्लारा शूमानच्या घरी जाऊन आले. आता ते संग्रहालय आहे. ही लाइपझिगचीच, १८१९चा जन्म. नवव्या वर्षी तिने तिथल्या मोठ्या सभागृहात पियानो वाजवला. संगीतकार रॉबर्ट शूमानशी लग्न करायला वडिलांचा विरोध, तर प्रकरण कोर्टात गेलं. एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी लग्न झालं. पुढे आठ मुलं. नवऱ्याचं आजारपण, मग त्याचा मृत्यू. मैफली करून तिने घर चालवलं. युरो येण्याआधी जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र होतं.

मी आईला हे सगळं लांबलचक व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. आईचं उत्तर आलं पाच सेकंदांचं : "आठ मुलं? मग रियाज कधी करायची ती?"

नेमका तोच तर क्लाराचा प्रश्न होता! घराच्या भिंती पातळ. नवरा संगीतरचना करत असला की तिने पियानो बंद ठेवायचा. मी हे कळवलं. त्यावर आईचं काहीच आलं नाही.

आईने लग्नाआधी गाण्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्यात. आजोबांनी तिला सतारमेकर गल्लीतून तंबोरा करून घेतला होता. मला कळतंय तेव्हापासून तो माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. ती का गात नाही, हे मी आजवर कधी विचारलंही नव्हतं. आपण आयांना कुठे असलं काही विचारतो?

जानेवारीत एका रात्री तिचा मेसेज आला. दोन मिनिटं दहा सेकंदांचा. मी इअरफोन लावून ऐकला. एक शब्द नाही. नुसता तंबोरा. जवारी नव्याने काढून घेतलेली कळत होती, स्वर असा गोल, भरलेला. प सा सा सा... प सा सा सा... दीड मिनिटानंतर आईचा आवाज, अगदी हळू लागलेला, थोडा कापरा षड्ज. आणि शेवटी कुकरची शिट्टी आणि "अगं बाई, भात!"

त्या वेळी मी तिसऱ्या प्रयत्नाचा अभ्यास करत होते. तो मेसेज किती वेळा ऐकला असेल, देव जाणे.

अभ्यासाचंही जरा सांगायला हवं, कारण आपल्या मुली आता बऱ्याच संख्येने बाहेर जातात. तिथे "काय झालं गं, चेहरा का उतरलाय?" असं विचारायला कुणी येत नाही. ते लोक वाईट नाहीत. तुमच्या कामात नाक खुपसायचं नाही ही त्यांची रीत. म्हणून आपणच जाऊन विचारावं लागतं. प्राध्यापकांची भेटीची वेळ ठरलेली असते, मी वर्षभर त्या दारापुढून गेले पण आत शिरले नव्हते. आईशी बोलल्यावर शिरले. विद्यार्थी कल्याण संस्थेत मोफत समुपदेशन मिळतं, तिथेही दोनदा जाऊन आले. वर्गातल्या एका व्हिएतनामी आणि एका इराणी मुलीबरोबर अभ्यास सुरू केला. कळलं की त्या दोघीही एकेकदा नापास झालेल्या! तिघींनी एकमेकींपासून लपवून ठेवलं होतं. अल्बममधला माझा एक फोटो या दोघींनी काढलाय, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, हातात कुकरचं झाकण, नाक सर्दीने लाल.

मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. ४.०. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. मी बाबांना कळवलं, "पास झाले, चार पॉइंट शून्य." आता आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा अमेरिकेत. तिकडे ४.० म्हणजे सर्वात वरचे मार्क! काकांनी ताबडतोब पेढे मागितले, बाबांनी आणलेही. मला कळल्यावर मी फोन करून खरं काय ते सांगितलं. बाबा क्षणभर थांबून म्हणाले, "असू दे. पेढे संपलेत आता. काकांना सांगू नकोस."

तर गौरीच्या हळदीकुंकवाला त्याच काकू अल्बमची पानं उलटत होत्या. चार्ल्स पुलाच्या पानावर आल्या. "अय्या, काय देखणा पूल आहे! तुमची पोरगी हुशार, चारपैकी चार मार्क घेऊन वर एवढं फिरायचं म्हणजे..."

आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाली. "चारपैकी चार नव्हे हो वहिनी. तिकडे चार म्हणजे काठावर. आणि हा फोटो ती दुसऱ्यांदा नापास झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे."

सगळ्या गप्प. माझ्या हातातलं पेढ्यांचं ताट हलायला लागलं. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अल्बमकडे.

"पूल मात्र छान आहे हं," त्या म्हणाल्या आणि सरकून मला शेजारी जागा केली. "बैस इथं. आता पहिल्या पानापासून सांग बघू नीट."