माणसाची घडण : मनोविश्लेषणाच्या सव्वाशे वर्षांचा आढावा

माणूस जसा आहे तसा का झाला, याची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या दैवात, रक्तात किंवा संस्कारांत शोधली गेली. व्हिएन्नातले मज्जाविकारतज्ज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांनी ती माणसाला स्वतःलाच न आठवणाऱ्या बालपणात शोधली. त्यांचा स्वप्नांवरचा ग्रंथ नोव्हेंबर १८९९मध्ये बाहेर आला. प्रकाशकाने त्यावर १९०० हे साल छापले. तेव्हापासून आजवर फ्रॉइडची कितीतरी विधाने मोडीत निघाली, त्यांच्या शिष्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. तरीही या सगळ्या भांडणांतून एक दिशा स्पष्ट दिसते. या परंपरेने माणसाकडे आधी इच्छांची गाठोडी म्हणून पाहिले आणि हळूहळू ती त्याच्याकडे नात्यांतून घडणारा जीव म्हणून पाहू लागली. माझ्या मते मनोविश्लेषणाची खरी कमाई हीच, आणि तिच्यातून येणारी जबाबदारी आपण अजून नीट उचललेली नाही.

पाया : इच्छा आणि बंधन

१९०५ साली फ्रॉइडनी लैंगिकतेवर तीन निबंध लिहिले आणि बालपण निरागस असते ही समजूत हादरली. बाळाच्या सुखाची जागा वाढीबरोबर सरकत जाते, असे त्यांनी मांडले. आधी तोंड, मग शौचावरचा ताबा, मग तिसऱ्या ते सहाव्या वर्षांच्या सुमारास जननेंद्रिये. त्यानंतर काही वर्षे ही ओढ सुप्त राहते आणि वयात येताना पुन्हा जागी होते. एखाद्या टप्प्यावर फार वंचना झाली किंवा फार लाड झाले, तर मनाचा काही भाग तिथेच अडकतो आणि मोठेपणीच्या स्वभावात दिसत राहतो. आईची ओढ आणि वडिलांची धास्ती यांतून तयार होणारा इडिपस गंड त्यांना सर्वांत निर्णायक वाटला.

१९२३मध्ये त्यांनी मनाची नवी रचना सांगितली. इदम् म्हणजे तत्काळ सुख मागणारा आदिम भाग. पराहम् म्हणजे आईवडिलांचा धाक आणि आदर्श आत मुरून झालेला पहारेकरी. या दोघांच्या आणि बाहेरच्या वास्तवाच्या मधे तडजोड घडवणारा तो अहम्. व्यक्तिमत्त्व म्हणजे या तिघांमध्ये झालेला, कधीच पक्का न होणारा तह. यातली पराहम्‌ची कल्पना मला विशेष महत्त्वाची वाटते. बाहेरची माणसे आत जाऊन आपला भाग होतात, हे तिच्यात पहिल्यांदा ठामपणे आले. पुढच्या नात्यांच्या सिद्धान्तांचे बीज तिथे आहे.

फुटलेल्या वाटा

आल्फ्रेड अॅडलर १९११मध्ये फ्रॉइडपासून वेगळे झाले. लहानपणी मुडदूस आणि पुढे न्यूमोनिया भोगलेल्या या डॉक्टरांना माणसाला पुढे ढकलणारी शक्ती कमीपणाच्या जाणिवेत दिसली. न्यूनगंड, भावंडांतला क्रम, समाजाविषयीची आस्था या त्यांच्या कल्पनांनी कुटुंबाला चर्चेच्या मध्यावर आणले. कार्ल युंग १९१३च्या सुमारास दुरावले. १९२१च्या ग्रंथात त्यांनी अंतर्मुख आणि बहिर्मुख वृत्तींची मांडणी केली. व्यक्तिमत्त्वाची वाढ चाळिशीनंतरही होते, किंबहुना तिचे खरे काम तेव्हाच सुरू होते, हा त्यांचा आग्रह होता.

कॅरन हॉर्नाय यांनी फ्रॉइडच्या स्त्रीविषयक सिद्धान्तालाच हात घातला. मुलींना पुरुषाच्या शरीराचा हेवा वाटतो, हे त्यांना मान्य नव्हते; हेवा वाटत असेल तर तो पुरुषांना समाजाने दिलेल्या सत्तेचा, असे त्यांनी दाखवले. माणसाच्या चिंतेचे मूळ त्यांना दडपलेल्या वासनेपेक्षा बालपणीच्या असुरक्षिततेत दिसले. कोणी आपल्याला दुखवेल या भीतीतून माणूस लोकांना बिलगतो, त्यांच्यावर चालून जातो किंवा त्यांच्यापासून दूर सरतो, असे स्वभावाचे तीन कल त्यांनी सांगितले.

लंडन : बाळ मध्यभागी आले

खरी कलाटणी मिळाली ती लंडनमध्ये. मेलनी क्लाइन १९२६ साली तिथे आल्या. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मनातले नीट सांगता येत नसले तरी खेळता येते, म्हणून खेळ हीच त्याच्या मनाची वाट, असे त्यांनी मानले. बाळाच्या आतच प्रेम आणि द्वेष यांचे तुंबळ युद्ध चालते. तृप्त करणारी आई आणि उपाशी ठेवणारी आई एकच आहे, हे उमगणे त्यांच्या मते वाढीतले मोठे पाऊल. १९३८मध्ये नाझींपासून सुटून फ्रॉइड आणि त्यांची कन्या अॅना लंडनला पोहोचले. लहान मुलाचा अहम् अजून कच्चा असतो, आईवडील त्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष असतात, म्हणून त्याच्यावर प्रौढांसारखे विश्लेषण लादू नये, असे अॅना यांचे म्हणणे होते. क्लाइन आणि अॅना यांच्यातला हा वाद इतका पेटला की महायुद्ध चालू असताना ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेने त्यावर सभांमागून सभा घेतल्या.

त्याच काळात अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम हॅम्पस्टेड भागात युद्धग्रस्त मुलांसाठी निवासी पाळणाघरे चालवत होत्या. बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासूनची ताटातूट अनेक मुलांना अधिक खचवते, हे तिथल्या रोजच्या नोंदींत दिसले. एडिंबरातले रोनाल्ड फेअरबेर्न यांनी याच काळात सूत्र बदलले: माणसाची मूळ ओढ सुखाकडे नसून माणसाकडे असते.

डोनाल्ड विनिकॉट हे मुळात बालरोगतज्ज्ञ. पॅडिंग्टन ग्रीनच्या रुग्णालयात आया आणि बाळे पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले, की बाळाचा एकट्याने विचार करताच येत नाही. बाळासोबत नेहमी कुणीतरी असतेच. मुलाची जुनी गोधडी किंवा मळकी बाहुली त्यांनी गंभीरपणे घेतली. ती वस्तू मुलाला आईपासून हळूहळू सुटे व्हायला मदत करते, तिच्यातूनच पुढे खेळ आणि कला उगवतात. आई परिपूर्ण असण्याची गरज नाही, पुरेशी चांगली असली की झाले, हे त्यांचे म्हणणे तर अपराधी भावनेने पिचलेल्या प्रत्येक आईच्या कानावर घालावे असे आहे.

जॉन बोल्बी यांनी ही जाणीव पुराव्याकडे नेली. चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा त्यांचा अभ्यास १९४४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली १४ मुले कुणाविषयीच माया न वाटणारी होती आणि त्यांपैकी १२ जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून दुरावले होते. १९५१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी अहवाल लिहिला. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२मध्ये रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. तेव्हा ब्रिटिश रुग्णालयांत आईवडिलांच्या भेटीवर कडक बंधने असत. बरीच खळखळ झाल्यावर १९५९च्या सरकारी प्लॅट समितीने ती सैल करण्याची शिफारस केली. मनाविषयीच्या एका सिद्धान्ताने रुग्णालयाचे दार उघडले, याहून मोठे यश कोणते? मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये मायलेकरांचे निरीक्षण करून त्यांच्यातल्या भावनिक बंधाचे प्रकार दाखवले.

आयुष्यभराची वाढ

एरिक एरिक्सन यांना आपला जन्मदाता कोण हे कधीच कळले नाही. व्हिएन्नात अॅना फ्रॉइडकडे शिकून ते अमेरिकेत गेले आणि स्वतःसाठी नवे आडनाव घेतले. ओळख हा प्रश्न त्यांच्या लेखनाच्या मुळाशी असावा, यात नवल नाही. १९५०च्या ग्रंथात त्यांनी जन्मापासून म्हातारपणापर्यंत आठ टप्पे सांगितले: तान्हेपणी विश्वास की अविश्वास, किशोरवयात ओळख की गोंधळ, शेवटी कृतार्थता की वैफल्य. समाज, काम, इतिहास या गोष्टी त्यांनी मनाच्या आत आणल्या. अहमदाबादच्या १९१८च्या गिरणी संपावरून गांधीजींचा शोध घेणारे त्यांचे पुस्तक १९६९चे. त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

भारतातले दोन आवाज

कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२मध्येच भारतीय मनोविश्लेषण संस्था उभी केली. फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता, पण त्यांनी मान तुकवली नाही. प्रत्येक इच्छेसोबत तिची विरुद्ध इच्छा मनात असतेच, असा त्यांचा स्वतंत्र सिद्धान्त होता. आपल्या भारतीय रुग्णांत इडिपस गंडाचे रूप युरोपीय रुग्णांसारखे दिसत नाही, हेही त्यांनी फ्रॉइडना कळवले.

पुढे मनोविश्लेषक झालेल्या सुधीर काकरांना एरिक्सन अहमदाबादेत भेटले आणि काकरांची वाट बदलली. १९७८च्या ग्रंथात त्यांनी हिंदू बालपणाचे चित्र रेखाटले: आईचा दीर्घ, अखंड सहवास आणि मग चार-पाच वर्षांचा मुलगा बायकांच्या जगातून पुरुषांच्या जगात अचानक ढकलला जाणे. या चित्रात उच्चवर्णीय मुलगाच अधिक दिसतो, हा आक्षेप रास्त आहे. तरीही पाश्चात्त्य कुटुंबाचे माप आपल्या घरांना जसेच्या तसे लावू नये, हे त्यांनी ठसवले. गोव्यात स्थायिक झालेल्या काकरांचे २०२४मध्ये निधन झाले. त्यांचे काम मराठीत अधिक यायला हवे.

मग उरले काय?

जे विधान खोटे ठरवताच येत नाही ते विज्ञान कसे, असे कार्ल पॉपर यांनी विचारले. काही मोजक्या रुग्णांवरून साऱ्या मानवजातीविषयी बोलणे धोक्याचे आहे, हेही खरे. मिनेसोटात १९७०च्या दशकात सुरू झालेल्या, मुलांच्या वाढीच्या दीर्घ अभ्यासाने मात्र बालपणच सारे ठरवते आणि बालपण काहीच ठरवत नाही या दोन्ही टोकांना उत्तर दिले. पहिल्या नात्यांचा ठसा वर्षानुवर्षे दिसतो, पण परिस्थिती आणि पुढची नाती बदलली की तोही बदलू शकतो. बालपण म्हणजे शिक्का नव्हे.

या परंपरेने केलेला सर्वांत मोठा अन्याय म्हणजे सगळ्याचा दोष आईवर टाकणे. विनिकॉट यांना नीट वाचले तर उलटे दिसते: बाळाला सांभाळणाऱ्या आईलाही कुणीतरी सांभाळावे लागते. आपल्याकडे प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती झाली. पण तान्हे बाळ फडाच्या कडेला ठेवून ऊस तोडणाऱ्या बाईपर्यंत, धुणीभांडी करणाऱ्या बाईपर्यंत हा कायदा पोहोचत नाही. व्यक्तिमत्त्व नात्यांतून घडते असे आपण खरेच मानत असू, तर तिची रजा, तिच्या बाळाचे पाळणाघर आणि बापाचा बाळासोबतचा वेळ हे विषय अर्थसंकल्पात आणि ग्रामसभेत मांडावे लागतील, आणि ते काम मानसशास्त्रज्ञांइतकेच आपल्या सगळ्यांचे आहे.