एजंटाच्या वहीपासून तारखांच्या तक्त्यापर्यंत

ऐंशीच्या दशकात मुंबईहून अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलाला तिकीट कधी काढावं हा प्रश्न फारसा पडत नसे. कुणाकडून काढावं, हा पडे. फोर्टात किंवा भेंडी बाजारात कुणीतरी ओळखीचा एजंट असे आणि तो सांगेल तो भाव. छापील भाडं ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या बैठकांत ठरायचं आणि कागदावर तरी ते सगळ्यांचं जवळपास सारखं असायचं. खरं भाडं एजंटाच्या वहीत. ज्या कंपन्यांच्या खुर्च्या रिकाम्या जात, त्या बड्या एजंटांना जादा कमिशन देत. त्यातलं थोडं एजंट गिऱ्हाइकाला सोडी. एअर इंडियानं लंडनमार्गे न्यूयॉर्क गाठणं ही ऐपतीची बाब होती. पैसे वाचवायचे तर कुवेत एअरवेज, रॉयल जॉर्डेनियन, नाहीतर मॉस्कोमार्गे एरोफ्लोट. मॉस्कोच्या विमानतळावर बाकड्यावर रात्र काढलेली मराठी मंडळी आता न्यू जर्सीत निवृत्त होताहेत आणि पुतण्या-भाच्यांना अजूनही बजावतात, ‘ओळखीच्या एजंटाकडूनच घे रे.’

त्या काळात हा सल्ला अगदी बरोबर होता. विमानाच्या तिकिटाबद्दल आपल्याकडे ऐकू येणारे बहुतेक ठोकताळे असेच आहेत. कुठल्या ना कुठल्या जुन्या व्यवस्थेत ते खरे होते. व्यवस्था गेली, ठोकताळे राहिले.

या सगळ्या गोष्टीला वळण लागलं ते १९८५ साली, आणि तेही दोन ठिकाणी. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं होतं आणि पीपल एक्स्प्रेस ही नवी कंपनी मातीमोल भावात तिकिटं विकत होती. तिच्या भावाशी बरोबरी करत बसायचं तर अमेरिकन एअरलाइन्सचं दिवाळं निघालं असतं. तेव्हा अमेरिकनचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी १९८५च्या जानेवारीत वेगळीच युक्ती काढली. एकाच विमानातल्या सारख्याच खुर्च्यांचे भाव त्यांनी वेगवेगळे ठेवले. महिनाभर आधी पैसे भरणाऱ्याला आणि मधे शनिवारची रात्र मुक्काम करणाऱ्याला तिकीट स्वस्त, ऐनवेळी धावत येणाऱ्याला महाग. शनिवारची अट अशासाठी, की कंपनीच्या कामानं फिरणारा माणूस शनिवारी घरी परततो आणि त्याच्या तिकिटाचे पैसे कंपनीच भरते. कुठल्या भावाच्या किती खुर्च्या विकायला काढायच्या, हे संगणक ठरवू लागला. १९८७ पर्यंत पीपल एक्स्प्रेस दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन संपली, ही रीत मात्र जगभर पसरली. आपल्या तिकिटावर आजही ‘वाय’, ‘एम’, ‘क्यू’ अशी अक्षरं दिसतात, ती या भावांच्या कप्प्यांची.

मंडईत संध्याकाळी भाजी उतरते, तसं विमान सुटायच्या आदल्या दिवशी तिकीट उतरेल अशी आशा बाळगणारे लोक मला अजून भेटतात. भाजी रात्रीत नासते म्हणून स्वस्त होते. विमानाची खुर्चीही उड्डाणानंतर कवडीमोल होतेच, पण शेवटच्या दिवशी ती मागायला येणारा माणूस बहुतेक वेळा नाइलाजानं आलेला असतो, आणि हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं.

दुसरं वळण दुबईतलं. त्याच १९८५ साली २५ ऑक्टोबरला तिथे एमिरेट्स सुरू झाली, भाड्यानं घेतलेल्या विमानांवर. तिच्या अगदी पहिल्या ठिकाणांत कराचीबरोबर मुंबई होती. रत्नागिरी, चिपळूण, श्रीवर्धनकडची माणसं आखातात कामाला जातच होती. त्यांच्यासाठी ही सोय. पण पुढच्या वीसेक वर्षांत दुबई, दोहा, अबू धाबी ही युरोप-अमेरिकेची जंक्शनं झाली आणि मुंबईहून लंडन किंवा शिकागोचं स्वस्त तिकीट म्हणजे आखातात विमान बदलायचं, हे समीकरणच होऊन बसलं.

मग इंटरनेट आलं. मेकमायट्रिप २००० साली निघाली ती अमेरिकेतल्या भारतीयांना मायदेशाची तिकिटं विकायला. भारतातला तिचा व्यवसाय सुरू झाला २००५ मध्ये. १ जून २००८ पासून आयाटानं कागदी तिकिटं बंद केली. त्याच वर्षाअखेरीस बऱ्याच विमान कंपन्यांनी भारतातल्या एजंटांचं कमिशन शून्यावर आणलं, आणि वहीतला भाव संपला. २०११ मध्ये गूगल फ्लाइट्स आलं. अख्ख्या महिन्याच्या तारखांखाली त्या-त्या दिवसाचं भाडं दाखवणारा तक्ता आता कुणालाही फुकट पाहता येतो. माझ्या मते प्रवाशाच्या हाती आलेलं सगळ्यात कामाचं हत्यार तेच.

तरी मंगळवारी तिकीट काढण्याचा सल्ला काही सुटत नाही. एके काळी अमेरिकी कंपन्या सोमवारी संध्याकाळी सवलती जाहीर करायच्या आणि मंगळवारी इतर कंपन्या बरोबरी करायच्या, तिथून तो आला. आता भाडी दिवसातून कितीदा तरी बदलतात. ब्राउझरची गुप्त खिडकी उघडून शोधलं की भाडं कमी दिसतं, हाही समजच. दोन शोधांमध्ये भाव वाढला तर बहुधा खालचा कप्पा संपलेला असतो. कप्प्यांचं गणित कळलं तर एक साधी गोष्ट मात्र साधते. चौघांचं तिकीट एकदम शोधलं आणि स्वस्त कप्प्यात तीनच खुर्च्या उरल्या असतील, तर बरेचदा चौघांनाही वरचा भाव लागतो. म्हणून एकदा एकट्याचं भाडं पाहून घ्यावं.

गेल्या काही वर्षांनी दाखवून दिलं, की भाव शेवटी खुर्च्यांच्या संख्येवर ठरतो. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. मार्च २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणंच नव्हती. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, त्यामुळे पश्चिमेकडच्या फेऱ्या लांबल्या आणि इंधनाचा खर्च वाढला. भारत-दुबई फेऱ्यांवर २०१४ मध्ये ठरलेली, प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६५ हजार खुर्च्यांची मर्यादा आहे. मागणी केव्हाच तिच्यापुढे गेली. उलट बाजूला, जुलै २०२५ मध्ये इंडिगोनं मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला थेट विमानं सुरू केली. नवी फेरी सुरू होते तेव्हा त्या मार्गाची भाडी जरूर पाहावीत.

तेव्हा तिकीट कोणत्या वारी काढायचं यापेक्षा प्रवास कोणत्या आठवड्यात करायचा, यात खरे पैसे आहेत. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईहून अमेरिकेकडे विद्यार्थ्यांची रीघ असते. डिसेंबरच्या मध्याला तीच गर्दी उलट दिशेनं येते. मे महिना सगळीकडेच महाग, आखातासाठी ईदच्या आसपासचे दिवस महाग. जायची तारीख आठवडाभर मागेपुढे सरकवता आली तर जे वाचतं, ते कुठल्याही कूपनानं वाचत नाही. गर्दीच्या दिवसांसाठी चार-सहा महिने आधी, एरवी दोन-तीन महिने आधी तिकीट काढावं, हा माझा हिशेब.

नातवंडाच्या जन्माच्या वेळी सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांचं तिकीट मात्र निराळ्या मापानं मोजावं. त्यांची परतीची तारीख हमखास बदलते, आणि सगळ्यात स्वस्त भाड्यात तारीख बदलायचा दंड जबर असतो. दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवायच्या फंदात त्यांना पाडू नये. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि बॅगा उचलून पुन्हा द्यायला त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. अमेरिकेला जाणारं तिकीट विमान कंपनीकडून थेट आणि प्रवासाच्या निदान सात दिवस आधी काढलं, तर तिथल्या नियमामुळे काढल्यापासून चोवीस तासांत ते रद्द करून सहसा सगळे पैसे परत मिळतात. पैसे भरल्यावर त्याच रात्री नावाचं स्पेलिंग पासपोर्टाशी ताडून पाहा आणि थांब्यावरच्या व्हिसाचा नियम वाचून घ्या.