दृष्टिपटलाची साक्ष

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीवरील गोटमारीत डोळ्याला लागलेला दगड सर्वांना दिसतो; मधुमेहाने दृष्टिपटलावर केलेला आघात मात्र आरंभी रुग्णालाही कळत नाही. म्हणून पांढुर्णा-सौंसरच्या मधुमेही रुग्णांना मी आवर्जून सांगतो, की नजर स्वच्छ असली तरी वर्षातून एकदा बाहुली विस्फारून डोळे तपासून घ्यावेत. मेंदूशी जोडलेली नस व रक्तवाहिन्या शस्त्र न लावता एकत्र पाहता येतात, त्या येथेच. उच्च रक्तदाबाच्या खुणा तेथे उमटतात. कवटीतील दाब वाढल्यास त्या नसेचे टोक सुजते. २०२४ साली ‘लॅन्सेट’ आयोगाने उपचारांविना राहिलेला दृष्टिदोष स्मृतिभ्रंशाच्या १४ टाळण्याजोग्या जोखीम-घटकांत समाविष्ट केला. तेव्हा मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहत बसलेल्या आजीची शस्त्रक्रिया लांबवू नये. प्रकाशाची गरज तिच्या मेंदूलाही आहे.