मूल तृतीयपंथी असेल तर घराचं दार बंद करू नका : मोहोळच्या कुटुंबांना मदत कुठे मिळते?

मोहोळसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या मुलाचं चालणं-बोलणं, कपड्यांची आवड इतर मुलांसारखी नसली की त्याची चर्चा घराआधी मोहल्ल्यात सुरू होते. मग घरात धास्ती बसते. लोक काय म्हणतील? बहिणीच्या निकाहला अडचण येईल का? मस्जिदीत कोणी टोमणा मारेल का? आधी समजावणं, मग मारहाण, मग झाडफूक करणाऱ्याकडे नेणं, घाईघाईत लग्नाचा विचार आणि शेवटी "तू आमच्यासाठी मेलास" हे वाक्य. असं मूल एक दिवस पुण्याची गाडी पकडतं. पुढे त्याला आसरा कोण देतं आणि कोणत्या अटीवर देतं, हे अम्मी-अब्बांना कळतही नाही.

ही वेळ टाळता येते. कायदा, सरकारी योजना आणि दीनची शिकवण, या तिन्हींमध्ये अशा कुटुंबांसाठी आधार आहे. तो नेमका कुठे आहे ते पाहू.

आधी शब्द समजून घेऊ

बाळ जन्मलं की शरीर पाहून मुलगा किंवा मुलगी असं सांगितलं जातं. मोठं होताना काहींना आतून ठाम वाटत राहतं की आपण ते नाही. अशा व्यक्तींना तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणतात. काहींच्या शरीरातच जन्मतः स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही खुणा असतात. त्यांना फिकहमध्ये 'खुन्सा' म्हटलं आहे. ही दोन वेगळी माणसं आहेत, हे लक्षात ठेवा. शिवाय एखादा मुलगा नाजूक बोलतो म्हणून तो तृतीयपंथीच असेल असंही नाही. शिक्का मारण्याची घाई करू नका.

अशी माणसं थोडी नाहीत. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 4 लाख 88 हजार आणि महाराष्ट्रात सुमारे 41 हजार जणांची नोंद 'इतर' या रकान्यात झाली.

दीन काय सांगतो?

हा विषय आपल्या उलेमांना नवा नाही. खुन्सा व्यक्तीने नमाजच्या जमातीत कोणत्या रांगेत उभं राहावं, तिला वारसा किती मिळावा, याची चर्चा हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत आहे. रांग ठरवली, म्हणजे मस्जिदीत जागा आहे हे मानलंच. तेराव्या शतकातले इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमच्या विवरणात, जन्मतःच बायकी वागणं असलेला आणि मुद्दाम तसं वागणारा, असा फरक केला आहे. पहिल्यावर दोष नाही, गुनाह नाही आणि शिक्षाही नाही, कारण ते त्याच्या हातात नाही, असं त्यांनी नोंदवलं आहे.

शस्त्रक्रियेबाबत मात्र मतभेद आहेत. इराणमध्ये आयतुल्लाह खोमेनी यांनी 1980 च्या दशकात तिला परवानगी दिली. सुन्नी उलेमांपैकी बहुतेकजण ती खुन्सापुरतीच जायज मानतात. हा प्रश्न जाणत्या मुफ्तींना शांतपणे विचारावा. पण मूल उपाशी ठेवणं, मारणं, रस्त्यावर काढणं याला या मतभेदातून परवानगी मिळत नाही.

आणखी एक गैरसमज. रागाच्या भरात काही वडील पेपरात 'मुलाला बेदखल केले' अशी जाहिरात देतात. शरीअतनुसार वारसाचा हक्क अशा जाहिरातीने संपत नाही. वसीयतही एक तृतीयांशापुरतीच चालते. हिस्सा किती, हा प्रश्न मुफ्ती आणि वकील दोघांकडून समजून घ्यावा.

कायदा काय सांगतो?

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात तृतीयपंथीयांना नागरिक म्हणून सगळे मूलभूत हक्क आहेत, असा निकाल दिला. त्यानंतर तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा 2019 साली झाला आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. कुटुंबासाठी त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या:

• केवळ तृतीयपंथी आहे म्हणून मुलाला आई-वडिलांपासून वेगळं करता येत नाही. न्यायालयाचा आदेश असेल तरच, तोही मुलाच्या हितासाठी. घरात राहण्याचा हक्क त्याला आहे.

• घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं, मारहाण, छळ हे गुन्हे आहेत. 2019 च्या कायद्यात त्यासाठी 6 महिने ते 2 वर्षे तुरुंगवास आणि दंड ठेवला आहे.

ओळखपत्र कसं काढायचं?

बऱ्याच सवलतींची किल्ली हे ओळखपत्र आहे. ते जिल्हाधिकारी देतात. अर्ज केंद्र सरकारच्या राष्ट्रीय तृतीयपंथी पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. मूल 18 वर्षांखालील असेल तर अर्ज आई-वडील किंवा पालकांनीच करायचा असतो. म्हणजे घरच्यांनी पाठ फिरवली तर मुलाचा कागदही अडतो. या प्रमाणपत्राच्या आधारे इतर कागदपत्रांत बदल करता येतात. कायदा आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी सध्याची अट काय आहे ते विचारून घ्या. ऑनलाइन जमत नसेल तर सोलापुरात समाज कल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा.

केंद्राची 'स्माईल' योजना 2022 मध्ये सुरू झाली. तिच्यात नववीपासून पुढे शिष्यवृत्ती, कौशल्य प्रशिक्षण, 'गरिमा गृह' नावाचे निवारे आणि आरोग्य विम्याची तरतूद आहे.

अडचणीत कोणाकडे जायचं?

• मनाचा त्रास, जीव देण्याचे विचार : टेलि-मानस, 14416. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो. सोलापूरच्या सरकारी सर्वोपचार रुग्णालयातील मानसोपचार विभागातही दाखवता येतं.

• 18 वर्षांखालील मुलाचा छळ किंवा मूल घरातून निघून गेलं : 1098.

• तातडीचा धोका : 112.

• वकील हवा, पण पैसे नाहीत : 15100, किंवा थेट मोहोळ न्यायालयातील तालुका विधी सेवा समिती. मुलांना, महिलांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळतो.

• दुसऱ्या आई-वडिलांशी बोलायचंय : 'स्वीकार' हा पालकांचा गट 2017 पासून काम करतो. मुंबईचा 'हमसफर ट्रस्ट' 1994 पासून आरोग्य आणि समुपदेशनाचं काम करतो.

"औषधाने सरळ करून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. अशा 'उपचारां'ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवलं आहे. तसंच डॉक्टरांना न विचारता हार्मोनच्या गोळ्या घेणं किंवा कुठेतरी चोरून ऑपरेशन करून घेणं जिवावर बेतू शकतं. मुलाला हे प्रेमाने सांगा. घरात बोलता येत असेल तरच ते ऐकेल.

घरात काय करायचं?

पहिल्या दिवशी सगळं समजलं नाही तरी चालेल. मुलाचं ऐकून घ्या. शाळा सुटू देऊ नका. भावंडांना सांगा की चिडवायचं नाही. नातेवाइकांना कधी आणि किती सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा. मोहल्ल्यात कोणी बोललं तर "आमचं मूल आहे, आम्ही बघू" एवढं उत्तर पुरतं. मस्जिदीच्या इमामांनी जुम्याच्या बयानात मुलांवरच्या रहमतीबद्दल दोन शब्द सांगितले, तर अनेक घरांचं ओझं हलकं होईल.

माणसाला गावात मान मिळाला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. 2017 मध्ये माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंचपदी निवडून दिलं. गाव त्यांना 'माउली' म्हणून ओळखतं. एका खेड्याने मतपेटीतून जो विश्वास दाखवला, तो आपल्या घरातल्या लेकरावर दाखवणं अवघड नसावं. ऑफिसं, योजना, फोन नंबर नंतर कामाला येतात. त्याआधी त्या लेकराला एवढं कळायला हवं की रात्री परत आलं तर अम्मी दार उघडेल.