कागदपत्रांची संगणकीय यादी व तींतील चाळण्यांची योजना

१. हस्तलिखितांची व ऐतिहासिक कागदपत्रांची यादी हें संशोधनाचें जोतें होय. परंतु छापील यादीची एक जन्मजात अडचण अशी कीं, तिला क्रम एकच देतां येतो. थेओडोर औफ्रेख्त याची 'कॅटॅलोगस कॅटॅलोगोरम' ही संस्कृत ग्रंथांची बृहत्सूची १८९१, १८९६ व १९०३ या सालीं तीन भागांत प्रसिद्ध झाली. तींत ग्रंथ व ग्रंथकार यांचीं नांवें वर्णानुक्रमानें लाविलीं आहेत. ज्यास नांव ठाऊक आहे त्यास ती तत्काळ हात देते. पण अमुक शतकांत लिहिलेल्या किंवा अमुक गांवीं सांपडलेल्या पोथ्या कोणत्या, असें विचारणारास सर्व पानें चाळण्यावांचून गत्यंतर नसतें.

संगणकावर ठेविलेल्या यादीस हें बंधन नाहीं. तेथें नोंद एकदांच करावयाची आणि मग काल, स्थल, प्रकार, लिपि यांपैकीं हव्या त्या अंगानें ती निवडून पहावयाची. ही निवड ज्या साधनानें होते त्यास 'फिल्टर' म्हणतात. प्रस्तुत लेखांत त्यास आम्ही चाळणी म्हणूं. चाळणीचा उपयोग सर्वांच्या ध्यानांत लवकर येतो. तिचा धोका मात्र सहसा येत नाहीं. चाळणीनें जें वगळलें तें दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं तें संग्रहांत नाहींच, असा ग्रह अभ्यासकाचा होऊन बसतो. वाळवीनें खाल्लेला कागद आणि चुकीच्या चाळणीनें लपविलेला कागद यांत वाचणाराच्या दृष्टीनें फारसा भेद उरत नाहीं. म्हणून संग्राहकांनीं हें काम सर्वस्वीं संगणकवाल्यावर न सोपवितां त्यांतील मर्म स्वतः समजून घेणें इष्ट आहे.

२. यादी ठेवण्याच्या अनेक साधनांपैकीं 'जँगो' हें एक आज बरेंच प्रचारांत आहे. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत लॉरेन्स या गांवीं निघणाऱ्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कचेरींत एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनीं तें रचिलें, आणि जुलै २००५ मध्यें तें सर्वांस विनामूल्य खुलें झालें. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नांवावरून त्यास हें नांव मिळालें. त्यांत 'ॲडमिन' म्हणून एक तयार दालन असतें. तक्त्यांतील रकाने सांगितले कीं नोंदी भरण्याचीं, दुरुस्त करण्याचीं व पाहण्याचीं पानें आपोआप सिद्ध होतात. हें दालन संस्थेच्या कारभाऱ्यांसाठीं आहे, बाहेरच्या वाचकांसाठीं नव्हे, हें त्याच्या कर्त्यांनींच सांगून ठेविलें आहे. तथापि यादीची शुद्धता जेथें राखावयाची ती जागा हीच असल्यामुळें येथील चाळण्यांचा विचार प्रथम केला पाहिजे.

३. मूळ कृति अल्प आहे. प्रत्येक तक्त्यासाठीं 'मॉडेल ॲडमिन' या प्रकारचा एक मजकूर लिहावा लागतो. त्यांत 'लिस्ट फिल्टर' या नांवापुढें रकान्यांचीं नांवें ओळीनें दिलीं म्हणजे यादीच्या कडेस प्रत्येक रकान्याची एक चौकट दिसूं लागते. चौकटींतील पहिला पर्याय 'सर्व' हा असतो व त्याखालीं बाकीचे. एका चौकटींत एका वेळीं सामान्यतः एकच पर्याय घेतां येतो. निरनिराळ्या चौकटींतील निवडी मात्र परस्परांस जोडल्या जातात. 'महजर' व 'वाई' या दोन्ही निवडी केल्यास वाईचे महजर तेवढे उरतात. सर्व महजर आणि वाईचे सर्व कागद असा त्याचा अर्थ होत नाहीं. केलेली निवड पानाच्या पत्त्यांत उमटते, ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

४. रकाना ज्या जातीचा, चाळणी त्या जातीची होते. त्यामुळें चाळणीचे गुणदोष वस्तुतः रकाना ठरवितांनाच ठरतात.

(अ) होय-नाहीं असा रकाना. मोडी कागदाचें बाळबोध लिप्यंतर झालें आहे कीं नाहीं, छायाचित्र घेतलें आहे कीं नाहीं, अशा गोष्टींस हा योग्य. येथें घोटाळ्यास जागा थोडी.

(आ) ठराविक पर्यायांचा रकाना. सनद, महजर, निवाडपत्र, कैफियत, तहनामा, याद, खासगी पत्र असे प्रकार आधींच नेमून दिले असतां चाळणींत तेच व त्याच क्रमानें दिसतात. नोंद करणारास नवीन शब्द घुसडतां येत नाहीं, हा याचा मोठा लाभ.

(इ) मोकळ्या मजकुराचा रकाना. यावर चाळणी बसविली असतां रकान्यांत जितकीं भिन्न रूपें लिहिलीं असतील तितके पर्याय निघतात. 'वाई', 'कसबे वाई' व 'क॥ वाई' हीं तीन गांवें होऊन बसतात, आणि पहिल्यावर बोट ठेवणारास बाकीच्या दोहोंतील कागद दिसत नाहींत. जुन्या कागदांतील लेखनाची विविधता जतन करणें हें आपलें कर्तव्यच आहे. पण तिची जागा चाळणी नव्हे.

(ई) दुसऱ्या तक्त्याशीं जोडलेला रकाना. वरील रोगावर औषध हेंच. गांवांचा एक स्वतंत्र तक्ता करावा, प्रत्येक गांवास एकच प्रमाण नांव द्यावें, आणि कागदाची नोंद त्याशीं जोडावी. अस्सलांतील रूप निराळ्या रकान्यांत जसेंच्या तसें ठेवावें. गांवांच्या तक्त्यांत हजार नांवें असून कागद त्यांपैकीं ऐंशींचेच असतील तर चौकटींत उगाच हजार नांवांची रांग लागते. ती टाळण्यास 'रिलेटेड ओन्ली फील्ड लिस्ट फिल्टर' हा प्रकार नेमावा. मग ज्यांचे कागद आहेत तींच नांवें दिसतात.

५. आतां मितीकडे वळूं. खरी अडचण येथेंच आहे. तारखेच्या रकान्यावर जँगो जी चाळणी आपोआप बसवितें, तींत 'आज', 'गेले सात दिवस', 'हा महिना', 'हें वर्ष' असे पर्याय असतात. वर्तमानपत्राच्या कचेरींत जन्मलेल्या साधनास हें साजेसेंच आहे. कागद संग्रहांत कधीं दाखल झाला किंवा नोंद कधीं केली, यांसाठीं ती चाळणी उत्तम. कागद लिहिला कधीं, यासाठीं ती निरुपयोगी.

याहून अवघड गोष्ट ही कीं, तारखेच्या रकान्यास पूर्ण तारीख लागते. वर्ष, महिना व दिवस यांपैकीं एक जरी नसेल तरी तो रकाना भरतां येत नाहीं. अशा वेळीं वर्ष तेवढें ठाऊक असतां १ जानेवारी लिहून मोकळें होण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें टाळावा. असें करणें म्हणजे कागदांत नसलेली मिती निर्माण करणें होय, आणि पुढें खरी १ जानेवारी कोणती व भरतीची कोणती हें कोणासहि ओळखतां येणार नाहीं.

आपल्या कागदांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, शुहूर सन, फसली व हिजरी अशा अनेक गणना येतात, आणि त्यांचे वर्षारंभ एक नाहींत. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन होतो, हें स्थूलमान सर्वांस पाठ आहे. परंतु जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पौष शुद्ध ८ शके १६८२ ही पानिपतच्या संग्रामाची मिती. तीस १४ जानेवारी १७६१ ही तारीख येते. सरसकट ७८ मिळविणाऱ्या यादींत तीच १७६० मध्यें पडेल, आणि दशकवार चाळणी लाविली असतां पानिपतचा कागद मागल्या दशकांत जाऊन बसेल. शुहूर सनाचें वर्ष सूर्य मृग नक्षत्रीं येतांच बदलतें. म्हणून त्यांत डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. राज्याभिषेक शकाचा आरंभ शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध १३ चा, तेव्हां त्याचें वर्ष चैत्रीं न पालटतां ज्येष्ठांत पालटतें. इंग्रजांच्या वखारींतील सप्टेंबर १७५२ पूर्वींच्या तारखा जुन्या पद्धतीच्या असल्यानें त्यांसहि निराळी खूण हवी.

यास्तव मितीसाठीं चार रकाने ठेवावे: अस्सल मिती जशी लिहिली तशी, ती कोणत्या गणनेची, इसवी सनाचें आरंभवर्ष, आणि अखेरवर्ष. मिती पूर्ण असेल तर शेवटचे दोन सारखे होतील. केवळ 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे शुहूर ११६१, एवढेंच असून महिना नसेल तर आरंभवर्ष १७६० व अखेरवर्ष १७६१ होईल. संशय आहे तो संशय म्हणूनच नोंदला जाईल.

६. या दोन रकान्यांवर हवी तशी चाळणी स्वतः रचितां येते. मार्च २०१२ मध्यें निघालेल्या १.४ या आवृत्तीपासून त्यासाठीं 'सिम्पल लिस्ट फिल्टर' हा सांचा मिळाला आहे. त्यांत चार गोष्टी सांगावयाच्या: 'टायटल', म्हणजे चौकटीचें शीर्षक, 'पॅरामीटर नेम', म्हणजे पत्त्यांत उमटणारें नांव, 'लुकअप्स', म्हणजे पर्यायांची यादी, जींत प्रत्येक पर्यायाची पत्त्यांतील खूण व वाचकास दिसणारा शब्द अशी जोडी असते, आणि 'क्वेरीसेट', म्हणजे निवड झाल्यावर कोणत्या नोंदी ठेवावयाच्या तो नियम. निवड झालेली नसेल तेव्हां सर्व नोंदी तशाच सोडाव्या.

नियम मात्र विचारानें लिहावा. १७५१ ते १७६० या चौकटीसाठीं 'आरंभवर्ष या दहांत असावें' असा नियम लिहिल्यास वरील शुहूर ११६१ चा कागद पुढील दशकांत कधींच दिसणार नाहीं. योग्य नियम असा: कागदाचें आरंभवर्ष चौकटीच्या अखेरीपुढें नसावें, आणि त्याचें अखेरवर्ष चौकटीच्या आरंभामागें नसावें. यानें संशयित कागद दोन्ही दशकांत दिसेल. मग सर्व चौकटींची बेरीज एकूण कागदांहून अधिक भरेल. ती चूक समजूं नये.

७. ज्यांस मितीच नाहीं त्या कागदांचें काय? कालाच्या कोणत्याहि चौकटींत ते येणार नाहींत, आणि बहुतेक संग्रहांत त्यांची संख्या लहान नसते. म्हणून रचलेल्या चाळणींत 'मिती नाहीं' हा पर्याय अवश्य घालावा. इतर रकान्यांसाठीं ऑगस्ट २०२० मधील ३.१ या आवृत्तीपासून 'एम्प्टी फील्ड लिस्ट फिल्टर' मिळतें. तें रिकाम्या व भरलेल्या नोंदी वेगळ्या करून दाखवितें. यादींतील उणिवा शोधण्यास याहून सोपें साधन नाहीं.

८. डिसेंबर २०२३ मधील ५.० या आवृत्तीनें प्रत्येक पर्यायापुढें त्यांतील नोंदींची संख्या दाखविण्याची सोय केली. तिला 'फॅसेट' म्हणजे पैलू हें नांव आहे. ग्रंथालयशास्त्रांत हा शब्द रूढ होण्यास शियाळी रामामृत रंगनाथन यांचें कार्य मुख्यतः कारण झालें. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल असतां त्यांनीं १९३३ मध्यें 'कोलन क्लासिफिकेशन' प्रसिद्ध केलें, आणि ग्रंथाचा विषय एका खणांत न कोंबतां स्थल, काल इत्यादि अंगांनीं पाहण्याचा मार्ग घालून दिला. आपण ज्या चौकटी लावितों त्यांच्या मुळाशीं हाच विचार आहे. संख्या दाखविण्यास संगणकास प्रत्येक पर्यायाची स्वतंत्र मोजणी करावी लागते, म्हणून फार मोठ्या यादींत ती मागेल तेव्हांच दाखविणें बरें. मूळ योजना तशीच आहे. काहीं सहस्र नोंदींच्या संग्रहांत ती नेहमीं दाखविण्यास 'शो फॅसेट्स' येथें 'ऑल्वेज' असें नेमावें. 'मिती नाहीं' यापुढें मोठा आंकडा डोळ्यांसमोर राहिला म्हणजे अभ्यासक आपोआप सावध होतो.

९. शेवटीं एक व्यवहाराची सूचना. 'अमुक संग्रहांत असा कागद नाहीं' हें विधान संशोधनांत वजनदार असतें. त्यावर तर्क रचिले जातात, वाद मिटविले जातात. असें विधान करणारानें कोणत्या चौकटींत कोणती निवड केली होती तें टिपून ठेवावें. निवड पत्त्यांत उमटत असल्यामुळें तो पत्ता व पाहिल्याची तारीख उतरून घेतली कीं पुरे. आणि ज्यांच्या हातीं यादी आहे त्यांनीं वर्षांतून एकदां तरी सर्व चाळण्या काढून, दप्तरांतील रुमाल सोडून, एकेका कागदाशीं नोंद ताडून पहावी. चाळणी नोंदींवर चालते, कागदांवर नव्हे. ज्या कागदाची नोंदच झाली नाहीं तो कोणत्याहि चौकटींतून बाहेर येणार नाहीं.