काचेतलं चांगलं, पिशवीतलं साधं?

आज मी बिअरपासून सुरुवात करणार आहे. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका! बाटलीने किती घरांचं वाटोळं केलं ते आपल्या गटातल्या बायांना मी काय सांगावं? ‘आडव्या बाटली’ला मतं देऊन गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बाया आपल्याच महाराष्ट्रातल्या. पण बिअरवर झालेला एक प्रयोग आपल्या लोणच्या-चटण्यांच्या फार कामाचा आहे, म्हणून सांगते.

२०१६ मध्ये स्कॉटलंडच्या एडिनबरा शहरात विज्ञान महोत्सव भरला होता. तिथे १५१ जणांना बिअर चाखायला दिली. काहींना ती बाटलीतून प्लास्टिकच्या पेल्यात ओतून दिली, काहींना पत्र्याच्या डब्यातून. आत माल एकच, एकाच वेळी केलेला, पण हे त्यांना माहीत नव्हतं. ज्यांनी बाटली पाहिली त्यांनी चवीला जास्त गुण दिले. मग दुसऱ्या २९ जणांना बाटली आणि डबा न दाखवताच दोन्ही चाखायला दिले. तेव्हा अमुकच चांगली, असं काही निघालं नाही. म्हणजे जिभेच्या आधी डोळ्यांनीच चव घेतली होती.

हे वाचलं आणि मला आमचा स्टॉल आठवला. वाडेगावच्या बाजारातून लिंबं आणून आम्ही लोणचं घातलं होतं. अर्धं साध्या पाऊचमध्ये भरलं, अर्धं काचेच्या बरण्यांत. एका गिऱ्हाईक बाईने दोन्ही हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, “हे काचेतलं येगळं हाये वाट्टे, याच्यात मसाला जास्त हाये.” आमची कोषाध्यक्ष हसू दाबत उभी. बरण्या संपल्या, पाऊच उरले. झालं, पुढच्या वेळी गटाच्या पैशातून आम्ही बरण्याच बरण्या आणल्या. त्यातल्या काही पातूरच्या घाटात जीपमध्येच फुटल्या, ते दुःख वेगळं.

लोकांचा हा समज अगदीच खोटा नाही बरं का. मीठ आणि आंबट धातूला खातं, काचेला आणि चिनी मातीच्या बरणीला काही करत नाही. आपल्या आज्या लोणचं पितळेच्या डब्यात ठेवत नसत, ते उगीच नाही. बिअरचंही तसंच. डब्यातली बिअर पहिल्यांदा विकायला आली ती अमेरिकेत, १९३५ मध्ये. डब्यात पत्र्याची चव उतरते असं लोक म्हणत. आता डब्याला आतून लेप असतो, पेय धातूला लागतच नाही. तरी समज काही जात नाही.

आता खरी गंमत ऐका. बिअरची बाटली बहुतेक तपकिरी का असते? बिअरमध्ये हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात. त्यांच्यातल्या कडू अंशावर ऊन किंवा दिव्याचा उजेड पडला की घाण वास सुटतो. तपकिरी काच असा बराचसा उजेड अडवते, हिरवी कमी अडवते, पांढरी तर जवळजवळ अडवतच नाही. आणि डब्यात उजेड शिरतच नाही. म्हणजे लोक ज्याला हलकं समजतात, तेच उजेडापासून मालाला जास्त जपतं.

इथे आम्ही फसलो. लोणच्याच्या नादात जवसाची चटणीही आम्ही पांढऱ्या काचेच्या बरण्यांत भरली. काय दिसत होती! स्टॉलच्या पुढच्या फळीवर, उन्हात, ओळीने मांडली. विकलीही गेली. महिन्याभरात एकीचा फोन आला, “ताई, चटनी खवट लागते वो, जुनी देली का तुमी?” मग दुसरीचा आला. चटणी जुनी नव्हती. जवसात तेल भरपूर, आणि ते फार लवकर खवट होणारं. जवस कुटला की त्या तेलाला हवा लागते, वरून ऊन आणि उजेड मिळाला की काम आणखी लवकर होतं. शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, घाण्याचं तेल, सगळ्यांचं थोडंफार असंच. लाल तिखटाचा रंगही उजेडात उडतो. आम्ही त्या बायांचे पैसे परत केले, पण त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता जवस आम्ही आतून चंदेरी असलेल्या पाऊचमध्ये भरतो, हवा दाबून काढतो आणि नीट सील करतो. पहिल्या बाजारात कोणी हातच लावला नाही, कारण आतलं दिसत नाही. मग पुढे एका ताटलीत चटणी आणि भाकरीचे तुकडे ठेवले. चाखली की घेतात. पापड, कुरडया, शेवया मात्र पारदर्शक पिशवीतच बऱ्या. त्यांना भीती दमटपणाची, आणि गिऱ्हाइकाला अख्खा पापड दिसला पाहिजे. लोणच्याची बरणी आम्ही सोडली नाही. तिने भाव मिळतो, आणि तो लबाडीचा नाही. फक्त ती सावलीत मांडतो. आणि हो, रद्दी पेपरात खायची वस्तू बांधू नका. शाई अन्नाला लागते, म्हणून २०१८ च्या अन्न सुरक्षेच्या नियमांत त्याला मनाईच आहे.

उलटा प्रकारही असतो. रस्त्याकडेला दारूच्या जुन्या बाटलीत मध विकतात, आणि शहरातले लोक गाडी थांबवून घेतात. बाटली जितकी कळकट, तितका मध जंगलातला अस्सल! त्या बाटलीत साखरेचा पाक असला तरी ती तशीच दिसणार.

तुमच्या गटात एवढं करून बघा. एकाच दिवशी केलेल्या चटणीच्या दोन पुड्या करा. एक पारदर्शक पिशवीत भरून खिडकीत ठेवा, दुसरी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून अंधाऱ्या फडताळात. पुढच्या महिन्याच्या बैठकीला दोन्ही आणा. कोणती कुठली ते न सांगता बायांना वास घ्यायला द्या.